कानसेनच्या घरचा सबवूफर

सबवूफर आरामखुर्चीत बसला होता आणि कानसेन जमिनीवर रांगत होता.

आरामखुर्ची बायकोची. तिच्या हातांवर बायकोने स्वतः शिवलेली निळी कव्हरं, आणि त्यांच्यामध्ये हा काळाकभिन्न, चौकोनी, सव्वीस किलोंचा पाहुणा असा ऐसपैस टेकलेला, की कुणीतरी याला चहापाणी विचारावं. तो मात्र आपला खर्जात आठ सूर वाजवत होता. ढुम, ढुम, ढुम, एकेक पायरी उतरत आठव्यापर्यंत जायचं आणि पुन्हा वरून सुरुवात. आणि पन्नाशी ओलांडलेला घरचा कर्ता पुरुष ढोपरांवर, एक कान जमिनीजवळ नेऊन, चपलांच्या रॅकपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून दारापर्यंत हुंगल्यासारखा फिरत होता.

"बाबा, कवळी पडली का तुझी?" लेकीने दारातून विचारलं. शनिवारची शाळा लवकर सुटली होती आणि दप्तर अजून तिच्या पाठीवर होतं.

"मला कवळी नाहीये."

"म्हणजे आता बसवावी लागणार. काय शोधतोयस मग?"

"जागा. बोलू नकोस, तिसरा सूर येऊ दे." कानसेनने डोळे मिटले, मान तिरकी केली आणि तोंड वाकडं केलं. "गेला. खाल्ला बघ याने."

"कोणी?"

"या कोपऱ्याने."

कानसेन हे नाव त्याला दुकानातल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि ते थट्टेतून निघालं असलं तरी खोटं नव्हतं. घरोघरी जाऊन होम थिएटर बसवून देणं हे त्याचं सत्तावीस वर्षांचं काम. पडद्याशेजारचे स्पीकर कुणीही लावतं, असं तो म्हणायचा. खरी परीक्षा त्या जाड्या पेटीची, सबवूफरची. दरवाजा आपटला, विमान उडालं, ढोल वाजला की पोटात जे हलतं, ते सगळं या एकट्याकडून येणार. तो चुकीच्या जागी ठेवला की एक सूर फुगून बसतो, दुसरा बेपत्ता होतो, आणि माणसं म्हणतात, पेटीच खराब आहे.

"लाटा असतात त्या," त्याने लेकीला समजावलं. "भिंतीवर आपटून परत येतात. कुठे दोघी गळ्यात गळा घालतात, तिथे आवाज बोंबलतो. कुठे एकमेकींना मारून टाकतात, तिथे सूरच नाहीसा. म्हणून उलटं करायचं. जिथे माणूस बसणार तिथे पेटी बसवायची, आणि पेटी कुठे ठेवायची ते आपण रांगून ऐकायचं. जिथे आठही सूर सारख्या उंचीचे ऐकू येतील, तीच तिची जागा."

"पीटीच्या तासाला आमच्या बाई उभं करतात तसे."

"तसेच. कुणी टाचा उंच करायच्या नाहीत, कुणी मागे लपायचं नाही."

लेकीने दप्तर टाकलं, वेणी तोंडात धरली आणि बापाच्या शेजारी चार पायांवर आली. "आई कधी येणार?"

"तासाभरात. गणवेश पोचवायला गेलीये."

"आणि तिला माहीत नाही."

"नाही."

इथेच सगळी मेख होती. सबवूफर एका गिऱ्हाइकाने मोठा घेतल्यावर 'तूच घेऊन जा' म्हणून दिलेला. एका कोपऱ्याचं लाकूड उडालेलं, बाकी प्रकृती ठणठणीत. बाकीचे पाच स्पीकर पाच ठिकाणांहून जमलेले, एकाचा चेहरा दुसऱ्याला ओळख न देणारा. या सगळ्या गोतावळ्याला त्याने आज एकत्र बांधलं होतं, कारण त्याच्या बायकोने त्याचं काम कधी ऐकलेलंच नव्हतं. तेवीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. नातेवाइकांत कुणी विचारलं की ती सांगायची, "टीव्हीला वायरी जोडतात." त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच तेवढंच माहीत होतं. तो दिवसभर परक्यांच्या दिवाणखान्यांत जे घडवायचा, ते तिथेच राहायचं. तिने शिवलेला शर्ट निदान रस्त्यावरून चालताना दिसतो. आवाज कुणाच्या अंगावर दिसत नाही. त्यामुळे आज संध्याकाळी तिने त्या खुर्चीत बसावं, ऐकावं, आणि मग पुन्हा कुणी विचारलं तर तिला वेगळं काहीतरी सांगता यावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने लेकीलाही सांगितली नव्हती, पण लेकी काही सांगायची वाट बघत नाहीत.

"बाबा." लेक खिडकीच्या बाजूला पोचली होती आणि अचानक गप्प झाली होती. "इकडे ये."

तो गेला. ऐकलं. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात, आठ. सगळे हजर, सगळे एका रांगेत, ना कुणी फुगलेला, ना कुणी गळाठलेला. इतकी स्वच्छ जागा त्याला मोठमोठ्या बंगल्यांत सापडली नव्हती.

मग दोघांनी डोकी वर केली आणि दोघांचीही डोकी एकाच लाकडी फळीला आपटली.

ते शिवणयंत्राखाली होते.

आता हे शिवणयंत्र म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. लेकीच्या जन्माआधीपासून ते त्याच जागी होतं. डावीकडून उजेड, उजवीकडे प्लग, मागे टेकायला भिंत. जमीन तिथे जराशी उतरती, म्हणून एका पायाखाली लाकडाची पाचर, आणि ती पाचर घालण्याचा अधिकार फक्त बायकोचा. यंत्र बोटभर सरकलं तरी टाका बिघडतो असं तिचं म्हणणं, आणि तिच्या टाक्याबद्दल अख्ख्या गल्लीत कुणाची वाद घालायची छाती नव्हती. घराला रंग दिला तेव्हासुद्धा तिने रंगाऱ्याला ते हलवू दिलं नाही. तो बिचारा यंत्राला वळसा घालून रंगवून गेला; भिंत सगळी पांढरी, आणि यंत्रामागे अजून जुन्या पिवळ्या रंगाचा चौकोन.

"झालं," लेक म्हणाली. "पेटी याच्याखाली मावणार नाही. आता?"

कानसेनने डोकं चोळलं. हाच माणूस एका निवृत्त न्यायाधीशांना म्हणाला होता, "साहेब, पुस्तकांचं कपाट हलवा, नाहीतर आवाज विसरा." एका दंतवैद्यिणीला त्याने तिचा इटालियन सोफा उचलायला लावला होता. 'मी ठरवत नाही, तुम्ही ठरवत नाही, खोली ठरवते,' हे त्याचं वाक्य दुकानात पाठ होतं. आणि आता स्वतःच्या खोलीने ठरवून दिलं, तर याला घाम फुटला.

"कपाटाजवळ ठेवू," तो म्हणाला.

"तिथे तिसरा गायब होतो."

"थोडासा होतो."

"बाबा, तू म्हणालास खाल्ला."

"कुणाला कळणार आहे," कानसेन म्हणाला. सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, आणि निघाल्याबरोबर त्याला तोंड धुवावंसं वाटलं. पण जिन्यात पावलं वाजायला लागली होती. दोघांनी सबवूफर उचलला, कपाटाजवळ नेला, खुर्चीवरची कव्हरं सारखी केली आणि उगाचच सरळ उभे राहिले.

बायको आत आली. गळ्यात मापाची टेप, कॉलरला तीन टाचण्या, हातात रिकामी पिशवी. तिने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्याकोपऱ्यात लटकलेले स्पीकर पाहिले, कपाटाजवळचा काळा ठोकळा पाहिला, मग नवऱ्याच्या पँटची ढोपरं पाहिली.

"ही परवा धुतली होती," ती म्हणाली.

"मॅडम, इथे बसा," कानसेन म्हणाला. कामावर असला की सगळ्यांना मॅडम म्हणायची त्याला सवय, आणि आज तो कामावर होता.

"मॅडम कोण? भाजी टाकायची आहे मला."

"आई, बस ना गं. दोन मिनिटं," लेकीने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलंच.

त्याने आठ सूर लावले. ढुम, ढुम. कपाटाची काच किरकिरली. ढुम. पाचव्याला तर भांड्यांच्या मांडणीवरचं झाकण नाचत पुढे आलं. तुकडा दुसऱ्यांदा सुरू होतोय तोवर दाराची कडी वाजली आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आत आल्या. या काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या. तक्रार करायला आल्या तरी चप्पल नीट काढून, बाजूला लावून यायच्या.

"काय पाडताय का काही? माझा पंखा डुलतोय."

"काकू, बाबाने आईसाठी थिएटर केलंय," लेकीने सांगून टाकलं.

"असं होय." काकूंनी लगेच बसायला वेताचा मोडा ओढला. "मग मीही बसते. पंखा बंदच करून आलेय." त्यांनी थोडं ऐकलं आणि मान डोलावली. "जोरात आहे हो. छान जोरात आहे."

कानसेनला 'जोरात' या शब्दाचा मनापासून राग होता. पण तो काकूंकडे बघतच नव्हता. तो बायकोकडे बघत होता. ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती, डोकं एका बाजूला कलवून, शिवताना बसते तशी.

"बरंय," ती म्हणाली. मग थांबली. "पण मला कळत नाही म्हणा यातलं."

"बोल ना."

"तिसरा टाका सुटतोय का हो? का मलाच तसं वाटतंय? दोन येतात, मग एक नुसताच आल्यासारखा करतो, आणि पाचवा केवढा जाड. दोऱ्याला ताण जास्त झाला की येतो ना गोळा, तसा."

लेकीने बापाकडे पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले.

कानसेनने रिमोट खाली ठेवला. काय वाटलं त्याला, ते एका शब्दात सांगणं अवघड आहे. पकडला गेला होता, हे तर झालंच. पण स्वयंपाकघरात असतानासुद्धा यंत्राचा पट्टा सैल झालेला जिला ऐकू येतो, तिच्या कानांना आपण 'कुणाला कळणार आहे' म्हणालो, याची लाज मोठी होती. आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी, निर्लज्जासारखा, आनंदही होत होता. दुकानातल्या अर्ध्या लोकांना तिसरा सूर कळला नसता.

"सुटतोय," तो म्हणाला. "जागा चुकली आहे."

"मग बरोबर जागा कुठली?"

कानसेनने छताकडे पाहिलं. लेकीने खिडकीकडे पाहिलं. काकूंनी दोघांकडे पाहिलं आणि मोडा जरा पुढे घेतला.

"यंत्राखाली," लेक म्हणाली.

बायकोने यंत्राकडे पाहिलं. त्याच्यावर एका शाळेच्या गणवेशाची बाही अर्धी लावून ठेवलेली होती.

"लोकांच्या घरी असं झालं की काय करता?"

"सांगतो, हलवा म्हणून."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर वायरी गुंडाळायला लागतो. मग म्हणतात हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू काय गिऱ्हाईक आहेस का?"

"मघाशी तर मॅडम होते."

काकू खुदकन हसल्या आणि मग खोकल्यासारखं केलं. कानसेन बोलायला गेला, थांबला, आणि पुन्हा बोलला. "ती तुझी जागा आहे. एवढ्या घरात तुझी म्हणून तेवढीच आहे. मी कोण ती मागणारा, एका पेटीसाठी?"

बायको उठली, टेप गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवली. "आधी खात्री करू. बघितल्याशिवाय मी कापड कापत नाही. पेटी खुर्चीत ठेवा, मला दाखवा कसं ऐकायचं ते."

"रांगावं लागतं."

"मग रांगते. ढोपरं काय तुम्हालाच आहेत?"

सव्वीस किलोंचा पाहुणा पुन्हा खुर्चीत बसला. आणि कॉलरला तीन टाचण्या टोचलेली ती बाई जमिनीवर आली. तिने नवऱ्यासारखं इकडेतिकडे हुंगणं केलं नाही. ती कपाटापासून निघाली आणि सरळ रेघेत, टीप मारत यावं तशी, थांबत थांबत सरकत गेली. "इथे जाड," ती म्हणायची. "इथे जरा बरं." "इथे उसवलं सगळं." कानसेन तिच्या मागून रांगत होता आणि प्रत्येक वेळी नुसतं "हं" म्हणत होता, कारण प्रत्येक वेळी ती बरोबर होती. लेक त्या दोघांच्या मागे, आणि काकू मोड्यावरून पाय वर घेऊन वाट देत होत्या.

यंत्राखाली शिरल्यावर ती थांबली. आठ सूर पूर्ण झाले. तिने ते पुन्हा होऊ दिले.

"आले," ती आतून म्हणाली. "आठही आले. अंतरसुद्धा सारखं आहे." मग थोड्या वेळाने, "अहो, हे तुम्ही रोज ऐकता?"

"रोज नाही. जमतं तेव्हा."

ती बाहेर आली, तोवर तिचा निर्णय झाला होता, आणि तिचे निर्णय अटींसकट यायचे. यंत्र फक्त शनिवारी संध्याकाळी हलणार. रविवारी सकाळी चहाच्या आधी जागेवर. पाचर तीच काढणार, तीच घालणार. आणि पेटीखाली जाड कापडाची घडी घालायची, काकूंचा पंखा डुलता कामा नये.

"डुलला तरी चालेल," काकू म्हणाल्या. "मी इथेच असणार."

बायकोने शिवणाच्या डब्यातून कापडावर आखायचा खडू काढला आणि यंत्राच्या चारही पायांभोवती जमिनीवर बारीक रेघा मारल्या. पांढऱ्या. पेटी आल्यावर तिच्याभोवती निळ्या. कानसेन या कामासाठी चिकटपट्टी वापरायचा आणि ती निघताना गिऱ्हाइकाच्या फरशीचं पॉलिश घेऊन निघायची. एवढ्या वर्षांत खडू सुचला नव्हता. त्याने एक निळा तुकडा हळूच खिशात टाकला. बायकोने तो पाहिला आणि दुसऱ्या खिशात पांढराही टाकला.

तिघांनी मिळून यंत्र उचललं. मागचा पिवळा चौकोन उघडा पडला. सबवूफर त्याच्यासमोर, बायकोने घातलेल्या चौपदरी घडीवर, खुर्चीकडे तोंड करून बसला. मग किरकिर शोधायची मोहीम निघाली. खालचे सूर लावले की घरातली प्रत्येक सैल वस्तू आपली तक्रार मांडते, आणि ती एकेक करून ऐकून घ्यावी लागते. लेक कान लावून ओरडायची, "काच", "फोटो", "घड्याळ", आणि बायको कात्रीने बकरमचा नेमका तेवढा तुकडा कापून फटीत सरकवायची. कॉलरला कडकपणा आणणारं ते कापड काचेची बडबडही बंद करतं, हे कानसेनला नवीन होतं. मांडणीवरचं झाकण तेवढं कशानेच ऐकेना. ते काकूंनी मांडीवर घेतलं.

भाजी राहिलीच. संध्याकाळचा उजेड खिडकीत असतानाच लेकीने एक सिनेमा लावला. दूरच्या गावी बदली झालेल्या एका स्टेशनमास्तरची गोष्ट. बायको खुर्चीत, काकू मोड्यावर, लेक जमिनीवर आणि कानसेन सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा. पडद्याकडे पाठ केली असती तरी त्याला चाललं असतं. त्याला फक्त एक मान, एक अंबाडा आणि कॉलरमधून बाहेर आलेली एक टाचणी बघायची होती.

अर्धा तास झाला. स्टेशनमास्तर रिकाम्या फलाटावर कुणाची तरी वाट बघत बसला. आणि मग दूरवर, फार दूर, आभाळ गडगडलं. पडद्यावर अजून ढगही दिसत नव्हता. ते गडगडणं जमिनीतून आलं, हळूच पायांत चढलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विरलं.

बायको उठली.

"कपडे," ती म्हणाली आणि गॅलरीकडे गेली.

"अगं बाई, माझेही बाहेरच आहेत," म्हणत काकू झाकण मोड्यावर टाकून दाराकडे धावल्या. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्या चपला न घालता जिना उतरल्या.

लेकीने गर्रकन मागे वळून पाहिलं. तिचं तोंड उघडलं होतं आणि आता त्यातून हसू बाहेर पडणार, इतक्यात कानसेनने ओठांवर बोट ठेवलं. तो हसत नव्हता. तो गॅलरीच्या दाराकडे बघत होता.

बायको दोरीपाशी उभी होती. वर आभाळ लखलखीत, एक पांढरी पिसासारखी रेघसुद्धा नाही. तिने एकदा वर पाहिलं. खालच्या गॅलरीत काकूही वर बघत असाव्यात, कारण खालून "हॅट्" असं ऐकू आलं. बायको वळली नाही. तिने एकेक चिमटा काढला, एकेक कपडा खांद्यावर टाकला, अगदी शेवटच्या रुमालापर्यंत, आणि तो सगळा ढीग छातीशी धरून आत आली.

"वाळलेच होते," ती म्हणाली.

ती खुर्चीत बसली. कपड्यांचा ढीग मांडीवर घेतला, वरची बाही सरळ केली, आणि पडद्यावरून नजर न काढता हात मागे करून म्हणाली, "जरा मागे घ्या ना. माझं मधलं राहिलं."